भरपगारी सोयर

लातूर जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादेपासून सगळ्याची वाटणी झाली. तालुके वाटले, कपाटं वाटली, टाइपरायटर वाटले, खुर्च्यांचे निखळलेले हातसुद्धा भांडून घेतले. पाऊस तेवढा कुणाच्या वाट्याला आला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पुढची दोन-तीन वर्षं तो इकडंही दिसला नाही आणि तिकडंही. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात, म्हणून जिथं चार भिंती आणि पत्रा दिसला तिथं पाटी ठोकली गेली. ही कचेरी एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत होती. कोणती कचेरी ते सांगण्यात अर्थ नाही. नाव घेतलं तर बाकीच्यांना आपल्याला वगळल्याचं वाईट वाटायचं.

कचेरीचं काम पाणी पोचवण्याचं. त्यामुळं कचेरीला फार महत्त्व आलं होतं आणि महत्त्व आलं की पहिल्यांदा रजा बंद होतात. 'टंचाई संपेपर्यंत कुणालाही कसलीही रजा नाही' असं साहेबांनी फळ्यावर लिहून घेतलं होतं. साहेब बदलून आलेले, पुण्याकडचे. दुष्काळाची त्यांना मनापासून काळजी होती, कारण तो संपायच्या आत त्यांना बढती हवी होती.

भीमा सोनकांबळे या कचेरीत टँकरचा कारकून होता. कोणत्या गावाला किती खेपा जायच्या ते भीमा ठरवून द्यायचा, साहेब सही करायचे, आणि टँकर ज्याच्या दारात थांबायचा त्याच्याच दारात थांबायचा. भीमा मूळचा नायगावकडचा. त्याच्या बापानं, पंढरीनं, छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीला नेऊन सोडले होते. नवस-सायास, उपास-तापास, सोयर-सुतक, सगळं त्या टोपल्यातून गेलं. कचेरीत भीमाला जातीवरून कुणी एक शब्द बोलत नसे. कायदाच तसा होता. फक्त त्याच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्याच्या एकट्यापुरता असायचा, आणि तो का, हे कुणी विचारत नसे.

त्याच्या बायकोला, पंचशीलाला, नववा महिना लागला होता आणि भीमाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं नायगावला झालं, तेव्हा भीमा नांदेडला नोकरीला होता. पाणी तेव्हाही नव्हतंच. भीमाची आई केव्हाच वारलेली. पंचशीलाची आई कोंडाबाई किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती, तिनं लेकीसाठी आठ दिवस मागितले तर गुरुजी म्हणाले, "एका लेकरापायी दोनशे लेकरं उपाशी ठेवू का?" भीमानं रजा मागितली तर तिथले साहेब म्हणाले, "बाळंत बायको होणार आहे का तू?" आणि अख्खी कचेरी खो खो हसली. पंचशीला चौथ्या दिवशी हंडा घेऊन विहिरीवर गेली. आठवड्यात अंगावरून रक्त जायला लागलं, दूध आटलं, आणि पोरगा महिन्याच्या आत गेला. साहेबांचं बोलणं भीमा विसरला असता. हसणं विसरता आलं नाही.

या खेपेला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पंचशीलाच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि भीमालाच दम दिला. "अंगात रक्त नाही हिच्या. सव्वा महिना हिनं हंडा उचलायचा नाही. तेवढं जमणार असेल तर बाळंतपण माझं, नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

सव्वा महिना म्हणजे काय ते भीमाला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या वस्तीतला हापसा फेब्रुवारीतच कोरडा पडला होता. टँकर यायचा तो कोपऱ्यावरच्या रस्त्यावर, यायचा तेव्हा यायचा, आणि जो घरी असेल त्याला पाणी मिळायचं. टँकरच्या कारकुनाच्या घरी पाणी नाही, ही काही गंमत नव्हती. लबाडी न करणाऱ्या कारकुनाच्या घरी तसंच असतं.

याच सुमाराला व्यंकटच्या चुलतभावाला मुलगा झाला.

व्यंकट म्हणजे शेजारच्या टेबलावरचा कारकून, निलंग्याकडचा, जमीनजुमला राखून असलेला. त्याची भावकी साठ घरांची. सोमवारी सकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि पहिला पेढा साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तोंडात टाकला, जिभेवर घोळवला आणि विचारलं, "कशाबद्दल?"

"चुलतभावाला पोरगा झाला, साहेब."

"वा! कधी?"

"काल रात्री."

साहेबांचं तोंड जागच्या जागी थांबलं. संध्याकाळी त्यांच्याकडं सत्यनारायण होता आणि त्यांच्या मंडळी सोवळ्याच्या फार कडक होत्या. "अरे, मग तुला सोयर असेल!"

"हाव. हाय की. साठच्या साठ घराला हाय," व्यंकट कौतुकानं म्हणाला.

साहेबांनी पेढा खिडकीतून थुंकला, टँकरमधून दोन बादल्या मागवून गिरणीच्या मागं डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या अंगानं ओरडले, "दहा दिवस इथं पाऊल टाकू नकोस!"

"साहेब, पर रजा तर बंद हायत."

साहेब कात्रीत सापडले. एका बाजूला स्वतःचाच फळा आणि दुसऱ्या बाजूला घरची मंडळी. फळा काही रात्री जेवायला वाढत नाही. "रजा कुणी दिली? निलंग्याकडच्या विहिरींची पाहणी करून ये. पगार चालू राहील."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. या कचेरीत दुष्काळात दिवाळी आली. महिन्याभरात ज्याच्या त्याच्या भावकीत पाळणे हलायला लागले. कुणाला चुलत्याकडचं सोयर, कुणाला चुलतआज्याकडचं. ज्यांनी उभ्या जन्मात भावकीचं तोंड पाहिलं नव्हतं, ते गावाकडं माणूस धाडून कुणी गरोदर आहे का विचारू लागले. साहेब प्रत्येकाला घाईनं विहिरींच्या पाहणीला पाठवत होते. जिल्ह्यातल्या कोरड्या विहिरींची इतकी पाहणी ना पूर्वी कधी झाली ना नंतर.

हेडक्लार्क गुरुबसप्पा तर लिंगायत. त्यांच्या धर्मात सुतक मुळातच मानत नाहीत, आणि हे गेली कित्येक वर्षं तेच सगळ्यांना ऐकवत आले होते. त्यांनीही पुतण्याकडचं सोयर घेतलं. भीमानं विचारलं, "अण्णा, तुमच्यात तर न्हाई ना?"

"धर्मात न्हाई," गुरुबसप्पा शांतपणे म्हणाले. "पगारात हाय."

आणि या भरपगारी सोयराचं लोकांनी केलं काय? व्यंकट किनवटला जाऊन घराच्या दारासाठी सागवान बघून आला. गुरुबसप्पांनी दहा दिवस मनसोक्त झोप काढली. ज्या बाईच्या पोटी पोर जन्मलं म्हणून साठ घरांना सोयर लागलं, ती व्यंकटची भावजय सिंधू पाचव्या दिवशी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होती. घरात तिला चुलीला शिवू देत नव्हते, माठाला शिवू देत नव्हते. खडीला शिवायला कुणाची हरकत नव्हती. खडीला विटाळ होत नसावा.

भीमा हे सगळं बघत होता. रजा होती. फळ्यावर नव्हती, पण होती. शेवटी तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, मंडळींचे दिवस भरत आलेत. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. मला महिनाभर रजा पाहिजे. दहा दिवस तरी."

"बायकोच्या बाळंतपणासाठी पुरुषाला रजा नसते, सोनकांबळे."

"व्यंकटला चुलतभावाच्या बायकोपायी मिळाली."

"ती बाळंतपणाची नव्हे. सोयराची." साहेबांनी चष्मा पुसला. "तुम्ही सोयर मानता का?"

एक 'हाव' म्हटलं की काम झालं असतं. गुरुबसप्पा बाजूला उभे राहून मान हलवून खुणावत होते, म्हण बाबा, म्हण. भीमाच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. पण टोपलं डोक्यावर घेऊन नदीकडं निघालेला बाप डोळ्यापुढं उभा राहिला आणि त्याला बाजूला सारणं भीमाला जमेना.

"न्हाई, साहेब. मला बायकोपाशी थांबायचंय, म्हून रजा पाहिजे."

"मग अभिनंदन!" साहेब खरोखरच खूश झाले. "तुम्ही लोकांनी हे सगळं सोडलंत, फार पुरोगामी काम केलंत. तुम्हाला सोयर लागत नाही. मग घरी बसायचं कारणच उरत नाही."

घरी आल्यावर भीमानं पंचशीलाला सांगितलं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, पाय सुजलेले. "खोटं बोलला असता तर काय झालं असतं?" ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नगं. चांगलं केलं. पर आता हंडा कोण आणणार त्ये सांगा."

आठ दिवसांनी पहाटे सरकारी दवाखान्यात पंचशीलाला मुलगी झाली. बाळ नाजूक होतं पण आवाज खणखणीत होता. दवाखान्यात खाटा कमी आणि बाळंतिणी जास्त, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना घरी धाडलं. शेजारच्या गुणाबाई घडीभर बसते म्हणाल्या. त्याही दुपारी कामावर जाणार होत्या. भीमा कचेरीत आला.

त्या दिवशी कचेरीत महादेव कोंडायचा होता. पाऊस येत नाही म्हटल्यावर महादेवाची पिंड पाण्यात बुडवायची, गुदमरला की देव आपोआप पाऊस सोडतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. गिरणीच्या मागं लहानसं देऊळ होतं. साहेबांनी स्वतः पुढाकार घेतला, दोन बातमीदार बोलावले, आणि देवाला कोंडायला एक भरलेला टँकर राखून ठेवला. त्यापायी कुठल्या गावांच्या खेपा रद्द झाल्या ते भीमाला माहीत होतं, कारण रद्द करायचं काम त्याच्याच हातून झालं होतं.

टँकरपासून गाभाऱ्यापर्यंत माणसांची रांग लागली. सगळे अनवाणी, कपाळाला गंध. टँकरच्या नळाशी भीमा उभा राहिला. ते त्याचं रोजचंच काम. घागर भरायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. घागर धरताना पुढचा माणूस जरा अंग चोरत होता, पण सरकारी काम म्हणून चाललं होतं. पाणी पिंडीच्या वर चढलं, साहेबांचा फोटो निघाला, आणि मग वीरण्णा गुरवानं दिवा लावण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाला सोयर-सुतक न्हाई ना?"

"मला काल लेक झाली," भीमा नळ बंद करत म्हणाला.

रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातातली घागर खाली पडली. वीरण्णानं दिवा तसाच खाली ठेवला. "गाभारा भरला की रं तुझ्या हातानं!"

"अरे, पण तुमच्यात..." साहेब पुढं आले.

"हाव, साहेब. आमच्यात न्हाई. तुमीच सांगितलं, मला सोयर लागत न्हाई. म्हून तर बाळंतीण घरी ठिवून कामावर आलोय."

"ह्याला लागत न्हाई म्हून देवाला लागत न्हाई व्हय?" वीरण्णा कडाडला. "काढा समदं पाणी भायेर!"

एक बातमीदार तरुण आणि खट्याळ होता. त्यानं वही उघडली. "साहेब, या कर्मचाऱ्यानं पाण्याला हात लावला, यात नेमकी अडचण कशाची आहे?"

साहेबांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळायला लागलं. एक कारण सांगितलं तर रजा द्यावी लागणार, दुसरं सांगितलं तर कोठडीत बसावं लागणार. इकडं आड, तिकडं विहीर, आणि जिल्ह्यात पाणी तेवढ्या एकाच ठिकाणी, गाभाऱ्यात.

"सोयराची!" साहेब ओरडले. "फक्त सोयराची! लिहून घ्या तुम्ही!"

"मग मी दहा दिवस घरी जाऊ, साहेब?" भीमानं विचारलं.

"जा!"

"भरपगारी?"

"भरपगारी! पण जा बाबा आता!"

गाभारा उपसून सगळं पाणी देवळामागच्या चरात ओतायला लागले, तशा आसपासच्या आयाबाया घागरी घेऊन धावल्या. त्या वर्षी साहेबांच्या हातून लोकांपर्यंत सरळ पोचलेलं पाणी तेवढंच.

भीमा घरी आला आणि त्यानं हंडा उचलला. टँकरच्या गर्दीत एकटा पुरुष बघून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "बाळंत कोण झालंय वं?" एकीनं विचारलं. भीमाही हसला. या हसण्यानं त्याला काहीच झालं नाही. गुणाबाईंनी त्याला शेपूची भाजी, अळीवाची खीर शिकवली. भाकरी मात्र त्याची त्यालाच शिकावी लागली. पहिली थापली ती नव्या जिल्ह्याच्या नकाशासारखी निघाली, कुठून कुठं गेली ते कळेना. पंचशीला पडल्या पडल्या ती खाताना म्हणाली, "निलंगा जरा कच्चा ऱ्हायलाय." चौथ्या दिवशी तिला भरपूर दूध आलं. मागच्या खेपेला चौथ्या दिवशी काय झालं होतं ते दोघांनाही आठवत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. भीमा मोरीवर जाऊन लंगोट धूत बसला आणि तिथं एकट्यानं रडून घेतलं.

पण खट्याळ बातमीदारानं बातमी छापली. 'टंचाईत रजा बंद, सोयर चालू' असा मथळा. वरच्या कचेरीतून साहेबांना विचारणा आली की विहिरींच्या पाहणीला गेलेले इतके लोक नेमके कोणत्या विहिरीत आहेत. साहेबांची बढती गटांगळ्या खायला लागली. त्यांनी त्याच दुपारी सगळ्यांची सभा घेतली आणि दोन्ही बातमीदारांसमोर जाहीर केलं, "आजपासून या कचेरीत सोयर-सुतक, शिवताशिवत असलं काहीही राहणार नाही. आपण अंधश्रद्धा गाडून टाकली आहे."

टाळ्या पडल्या. गुरुबसप्पांनी भाषण केलं की आमच्यात तर हे आठशे वर्षांपूर्वीच गाडलंय. व्यंकटनं अनुमोदन दिलं. जे सोयर सगळ्या भावक्यांना पुरून महिनाभर चाललं, ते भीमाच्या घरी पोचल्यावर आठवडाभरसुद्धा टिकलं नाही.

शिपाई ईश्वरप्पा निरोप घेऊन भीमाच्या दारात आला. उन्हात उभा राहिला, पण पाणी नको म्हणाला. "सायबानं आत्ता बोलावलंय. सोयर गेलं."

"कुठं गेलं?" भीमानं लंगोट पिळत विचारलं.

"ठरावात गेलं म्हनं. सोयर बी गेलं, शिवताशिवत बी गेली. तुमी उद्यापासून कामावर."

भीमाच्या हातातला लंगोट तसाच राहिला. पंचशीला अजून उठून बसली की तिला चक्कर येत होती. तेवढ्यात आतून, बाजेवरून तिचा आवाज आला.

"ईश्वरप्पा भाऊ, सायबाला म्हणावं, लई बेस झालं. मंग उद्या समद्यांनी लेकीला बघायला या. चहा घ्यायला या आमच्या घरी. तुमी येतो म्हणाल तर ह्यांना घरीच ठिवते. पाव्हणे यायचे तर चहा कोण करणार? मी तर पडलेली."

ईश्वरप्पा सरळ माणूस. त्यानं निरोप जसाच्या तसा, खणखणीत आवाजात, भर कचेरीत सांगितला. बातमीदार अजून भजी खात तिथंच बसले होते. त्यांनी माना वर केल्या. साहेब बातमीदारांकडं बघून हसले आणि म्हणाले, "येणार! जरूर येणार! का नाही येणार?" आणि फळ्यावर रजाबंदीच्या खाली खडूनं लिहिलं गेलं: 'उद्या: सोनकांबळे यांचे घरी चहापान.'

भीमानं वस्तीतून कपबशा मागून आणल्या. कुणाचे निळ्या फुलांचे कप, कुणाच्या कान तुटलेल्या बशा. त्यातल्या त्यात धड असलेल्या निवडल्या, चटई झटकली, साखर आणली आणि दुपारी दारात बसला. कुणी आलं नाही. संध्याकाळी ईश्वरप्पा लांबूनच ओरडून गेला, "सायब दौऱ्यावर गेलेत! उद्या!"

दुसऱ्या दिवशी साहेबांना एकादशी निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्यानं चहा सोडला. "दूध चालंल म्हणावं," पंचशीलानं आतून कळवलं. मग त्यांना दूधही सोसेनासं झालं. व्यंकटची दाढ दुखायला लागली. गुरुबसप्पा म्हणाले, मी कधीही येईन, पण साहेबांच्या आधी जाणं बरं दिसत नाही. रोज फळ्यावरचा 'उद्या' तसाच राही. आणि ज्याच्या घरी उद्या सगळी कचेरी चहाला जाणार, त्याला आज गैरहजर कसं मांडायचं? मांडलं तर बातमीदार विचारणार, चहा झाला का? भीमाचा पगार चालू राहिला.

दहा दिवस गेले. सोयर असतं तर तेही फिटलं असतं. कपबशा तशाच मांडलेल्या होत्या.

भीमाला त्या दिवसांत स्वतःच्या मनाचा थांग लागत नव्हता. दुपार झाली की तो कपबशा कपड्यानं पुसून ठेवायचा, कारण धुवायला पाणी पुरायचं नाही. रस्त्यावर पावलं वाजली की तो उठून दारात यायचा. आले, तर दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागेल, पंचशीला हंडा उचलेल, आणि पुढचं त्याला माहीत होतं. म्हणून येऊ नयेत असं तो मनोमन घोकायचा. आणि पावलं पुढं निघून गेली की त्याच माणसाला इतकं वाईट वाटायचं, की गूळ घातलेला चहा स्वतःच दोन कप प्यायचा. एकानं तरी यावं. व्यंकटनं तरी. शेजारी बसतो, एकाच पंख्याखाली. आपण हे कुणाजवळ बोललो तर लोक वेडा म्हणतील, असं त्याला वाटे.

पंचशीलाच्या गालावर हळूहळू रंग आला. पोरगी अंगानं भरली, रडताना तिची हनुवटी थरथरायची थांबली. सव्वा महिना भरला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पापण्या ओढून बघितल्या आणि भीमाला विचारलं, "हिचं सगळं कुणी केलं? सासूनं का आईनं?"

"मीच केलं, बाई."

"रजा मिळाली तुम्हाला? कसली?"

"चहाची," तो म्हणाला. बाईंना वाटलं, माणूस दमलाय.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन कचेरीत हजर झाला. साहेबांना इतका आनंद झाला की ते खुर्चीतून अर्धे उठले. "अरे सोनकांबळे! आम्ही आजच निघणार होतो तुमच्याकडं! आता तुम्हीच आलात, मग राहिलंच." फळा लगेच पुसला गेला. टेबलावर भीमाचा तांब्या होता तिथंच होता, वर धूळ बसली होती. त्यानं तो धुऊन आणला आणि कामाला बसला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पंचशीला पोरीला मांडीवर घेऊन मागून आणलेल्या कपबशा ज्याच्या त्याला परत द्यायला वेगळ्या लावत होती. साहेब काय म्हणाले ते भीमानं सांगितलं. सांगताना हसला, मग कपबशांकडं बघत म्हणाला, "आले असते एक डाव तर काय बिघडलं असतं गं?"

"आले असते तर ही ऱ्हायली नसती," पंचशीला पोरीकडं बघत म्हणाली. मग तिनं निळ्या फुलांचा शेवटचा कप पदरानं पुसला आणि बाजूला ठेवला. "आपल्या घरचं पाणी त्येंनी शंभर पिढ्या पिलं न्हाई. त्या न पिण्याची कधी दमडी दिली न्हाई. ह्या महिन्याचा तेवढा पगार दिला."